केटलची तोटी हॉप्सनं तुंबते तेव्हा: स्वस्तातली गाळणी आणि तिच्या खोड्या

घरी बिअर करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. उकळणं झालं, वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड अर्क) गार झाला, तोटी उघडली, पहिले दोन-तीन लिटर झोकात वाहिले. मग धार करंगळीएवढी झाली, मग थेंब थेंब, मग बंद. केटलमध्ये, म्हणजे उकळायच्या भांड्यात, अजून पंधरा लिटर वर्ट आणि तळाला हिरवट चिखल. बहुतेक जण यावर पुढच्या खेपेला आणखी बारीक जाळी आणतात आणि ती आणखी लवकर तुंबते.

हॉप्स ही बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. पेलेट म्हणजे तीच, दळून दाबलेली. गरम वर्टमध्ये ती काही मिनिटांत फुटतात आणि त्यांचं पुन्हा पीठ होतं. उकळीमुळे माल्टमधली प्रथिनंही गोठतात आणि त्यांच्या मऊ गुठळ्या होतात. हे दोन्ही एकत्र जाळीवर बसलं की जो थर होतो तो वाळूसारखा मोकळा नसतो, चिकट आणि दबणारा असतो. ओढ पडली की तो दबतो, दबला की त्यातल्या बारीक वाटा बुजतात. म्हणून तोटी जास्त उघडली की धार वाढण्याऐवजी आटते. उपाय तीनच: जाळीचं क्षेत्रफळ वाढवा, ओढ कमी करा, आणि जमेल तितका गाळ जाळीपर्यंत येऊच देऊ नका. भोकं किती बारीक आहेत हा प्रश्न यांच्यानंतरचा.

आत्ता तुंबलंय, काय करू?

आधी तोटी बंद करा आणि पाच मिनिटं काही करू नका. ओढ थांबली की दबलेला थर थोडा सैल होतो. त्यानंतर तोटी जेमतेम पाव भाग उघडा. निम्म्या वेळा एवढ्यानंच धार परत सुरू होते, बारीक का होईना. बारीक धारेनं पंधरा लिटर जायला अर्धा तास लागला तर लागू द्या. धार मंदावली म्हणून तोटी आणखी उघडायचा मोह होतो, तो टाळा.

तरीही हलत नसेल तर उलटा प्रवाह द्या. बाहेरच्या नळीचं टोक वर्टच्या पातळीच्या ३०-४० सेंमी वर उचला, त्यात फनेल बसवा, केटलमधलाच वरचा निवळ वर्ट निर्जंतुक केलेल्या मगनं काढून फनेलमध्ये ओता आणि तोटी उघडा. तो नळीतून मागे जाळीत शिरतो आणि थर आतून बाहेर ढकलतो. अर्धा लिटर पुरतो. वर्टऐवजी उकळून गार केलेलं पाणी वापरलं तरी मोठं नुकसान नाही: २० लिटरमध्ये अर्धा लिटर पाणी मिसळलं तर १.०५० ची घनता १.०४९ वर येते. तोंडानं फुंकर मारू नका. गार झालेल्या वर्टमध्ये तोंडातले जंतू गेले तर ती खेप आंबट होऊ शकते. वर्ट अजून गरम असेल तर जंतूंची काळजी कमी आणि भाजण्याची जास्त, त्यामुळे जाड हातमोजे घाला आणि फनेल कोणाला तरी धरायला लावा.

हेही फसलं तर तोटीचा नाद सोडा. वेळ गेलेला असतो तोवर वरचा वर्ट निवळलेला असतो, तो वरूनच काढा. निर्जंतुक सिलिकॉन नळीच्या तोंडावर उकळलेल्या गाळणीच्या कापडाचा तुकडा बांधा, तोंड पृष्ठभागाच्या पाच सेंमी खाली धरा आणि पातळी उतरेल तसं खाली न्या. सायफन सुरू करायला नळी आधीच निर्जंतुक पाण्यानं भरून घ्या. शेवटचे दोन-तीन लिटर गाळणीच्या कापडाच्या पिशवीतून निर्जंतुक बादलीत ओता आणि ठिबकू द्या.

एक दिलासा: थोडा गाळ फर्मेंटरमध्ये (वर्ट आंबवायच्या भांड्यात) गेला म्हणून बिअर बिघडत नाही. गोठलेल्या प्रथिनांबरोबर येणारे स्निग्ध पदार्थ यीस्टच्या उपयोगीच पडतात आणि उरलेला गाळ आंबताना तळाशी बसतो. नळी, पंप आणि प्लेट चिलर (अरुंद फटींतून नेऊन वर्ट गार करणारं उपकरण) न तुंबणं आणि हाती जास्तीत जास्त वर्ट लागणं यासाठी गाळायचं. वर्ट काचेसारखा दिसावा म्हणून तासभर झटापट करणं व्यर्थ आहे.

धार कधी थांबते त्यावरून रोग कळतो

तोटी उघडल्या उघडल्या काहीच येत नसेल तर बहुधा तो गाळ नव्हेच. तोटीला आतून लावलेली वेणीची (विणलेल्या स्टीलच्या तारांची) जाळी चेपलेली असते, नाहीतर नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. नळीला कुठे उंच वळसा पडलाय का बघा आणि ती सरळ उतरती करा.

पहिल्या दोन-तीन लिटरमध्येच धार आटत असेल तर गाळ बसायच्या आधी तोटी पूर्ण उघडली गेली. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.

अर्ध्यापर्यंत छान वाहून मग गुळगुळ आवाज येतो आणि थांबतं, असं असेल तर हवा शिरतेय. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ दिसते. आतली नळी जिथे तोटीला जोडली आहे तो सांधा तपासा. वर्टची पातळी त्या सांध्याच्या खाली उतरली की सैल आट्यांतून हवा ओढली जाते आणि सायफन तुटतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे देऊन पुन्हा घट्ट केलं की बहुधा भागतं. नळीवर नळी नुसती सरकवलेली असेल तर क्लिप लावा.

धार चांगली आहे पण हॉप्स सरळ पलीकडे येताहेत, याची कारणं वेगळी: हॉप्स ज्यात टाकतात त्या कापडी पिशवीची शिवण उसवली, उकळी चढताना पिशवीतला फेस तिच्या काठावरून बाहेर गेला, किंवा जाळीच्या टोकाची घडी उघडली. पहिले तीन-चारशे मिलिलिटर मात्र नेहमीच गढूळ येतात. ते मगमध्ये घ्या आणि हळूच परत केटलमध्ये ओता. वर्ट गार असेल तर तो मगही निर्जंतुक हवा.

आणि पिशवी उचलली तर ती बादलीसारखी भरलेलीच वर येते, पाणी सोडत नाही. असं झालं तर कापडाची भोकं बुजली आहेत. एक तर कापड फार बारीक आहे, नाहीतर मागच्या खेपेची राळ त्यात तशीच आहे. राळेबद्दल शेवटी.

क्षेत्रफळ आणि ओढ

१२ मिमी जाडीची, ३० सेंमी लांब वेणीची जाळी घेतली तर तिचा पृष्ठभाग सुमारे ११३ चौरस सेंमी भरतो. २० लिटर वर्ट दहा मिनिटांत काढायचा म्हणजे सेकंदाला ३३ मिलिलिटर. तेवढ्या जागेतून तो सरासरी सेकंदाला ३ मिमी वेगानं आत शिरतो. २० सेंमी व्यासाची पिशवी २० सेंमी बुडालेली असेल तर कडा आणि तळ मिळून तिचा पृष्ठभाग १५०० चौरस सेंमीच्या वर जातो आणि तोच वेग ०.२ मिमीवर येतो. वेणी का गुदमरते आणि पिशवी का चालते ते इथेच दिसतं.

ओढीचं गणित बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. केटलमध्ये ३० सेंमी वर्ट आहे आणि भरलेली नळी तोटीच्या ७० सेंमी खाली लोंबतेय, तर जाळीवर पडणारी ओढ १०० सेंमी पाण्याच्या स्तंभाएवढी, म्हणजे सुमारे ०.१ बार असते. जाळी मोकळी असते तोवर हा दाब नळीच्या आणि तोटीच्या अडथळ्यात खर्ची पडतो. जाळी बुजायला लागली की तो सगळा त्या मऊ थरावर येतो. म्हणून फुकटातला उपाय: फर्मेंटर जमिनीवर ठेवण्याऐवजी स्टुलावर ठेवा. उतार ७० सेंमीवरून २०-२५ सेंमीवर आणला की थर दबण्याचं प्रमाण लगेच कमी होतं. तोटी अर्धवट उघडून सुरुवात करण्यामागेही हेच कारण आहे.

भोकांबद्दल थोडक्यात. जाळी विकताना कधी मेश सांगतात, कधी मायक्रॉन. ३० मेश म्हणजे साधारण ६०० मायक्रॉन, ५० मेश ३००, १०० मेश १५०, २०० मेश ७५. पेलेटसाठी ३०० ते ४०० मायक्रॉन योग्य. त्यातून थोडी भुकटी निसटते, निसटू द्या. १०० मेशच्या पुढे गेलात तर पिशवी उचलताना पश्चात्ताप होतो. अख्ख्या फुलांना ६०० मायक्रॉनही पुरतं, कारण फुलंच एकमेकांवर बसून गाळणी होतात.

पहिली जोडणी: कड्यावर टांगलेली पिशवी

पेलेट वापरत असाल तर हीच करा. यात चोथा तोटीपर्यंत जातच नाही, आणि पिशवीबाहेरचा वर्ट तुलनेनं स्वच्छ असल्यामुळे तोटीला साध्या आखूड नळीनंही काम भागतं.

खालची मापं ३६ सेंमी व्यासाच्या, ३८ सेंमी उंचीच्या केटलसाठी आहेत. त्यात २५ लिटर वर्ट साधारण २५ सेंमी उंच भरतो. आपल्या केटलप्रमाणे बदलून घ्या.

कडं २० सेंमी व्यासाचं, स्टेनलेस स्टीलचं. तळ कापलेला स्टीलचा डबा चालतो, पट्टी ४-५ सेंमी उंच ठेवायची. कापलेली कड कानशीनं घासून बोथट करा, नाहीतर पहिल्याच खेपेला कापड फाटेल. या गाळणीची प्रचलित रचना प्लंबिंगच्या जाड पीव्हीसी सांध्यावर केलेली असते. ती टाळलेली बरी, कारण साधं पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं आणि इथे ते तासभर वाफेवर राहणार असतं.

कड्याच्या पट्टीला वरच्या बाजूनं सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा, ६.५ मिमीची. त्यांत एम-६ मापाचे स्टेनलेस आट्यांचे गज, प्रत्येकी १३ सेंमी. आतून एक नट, बाहेरून एक नट, दोन्हीकडे वायसर. हिशेब असा: केटल आणि कड्यामधलं अंतर ८ सेंमी, काठाबाहेर ३ सेंमी, कड्यात २ सेंमी. चार गज लावू नका. तिपाई डगमगत नाही, चार पायांचं एक टोक नेहमी अधांतरी राहतं. जस्ताचा मुलामा दिलेले गज किंवा नट नकोत, वर्ट आम्ल असतो आणि जस्त त्यात विरघळतं.

कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं. रंग गाळायची तयार पिशवी मिळाली तर उत्तम, नाहीतर पांढऱ्या पारदर्शक पॉलिएस्टर पडद्याच्या कापडाची शिवा. रंगवलेलं कापड नको. बाजूसाठी ६६ × ४० सेंमीचा तुकडा आणि तळासाठी २२ सेंमी व्यासाची चकती. शिवायला पॉलिएस्टर दोरा घ्या. सुती दोरा उकळीत फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि काही खेपांत शिवण कुजते. शिवण दुहेरी घाला आणि तिची कड पिशवीच्या बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे आतल्या कोपऱ्यात चोथा अडकून राहत नाही. पिशवीचं तोंड कड्यावरून बाहेर दुमडून होज क्लिपनं आवळा. एवढी मोठी क्लिप न मिळाल्यास दोन लहान क्लिपा एकमेकींत अडकवून एक करता येते. क्लिप घेताना तिचा स्क्रूही स्टेनलेस आहे ना ते पाहा. स्वस्त क्लिपांत पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू मुलाम्याचा असतो, दोन खेपांत गंजतो.

पिशवीचा तळ केटलच्या तळापासून ४-५ सेंमी वर राहिलाच पाहिजे. उकळत्या वर्टमध्ये नायलॉन-पॉलिएस्टरला काही होत नाही, पण ज्योतीवरच्या तळाला टेकलेलं कापड करपतं आणि भोक पडतं. विजेच्या हीटिंग कॉइलच्या केटलमध्ये तर कापड कॉइलला शिवता कामा नये.

एवढ्या पिशवीत २०० ग्रॅमपर्यंत पेलेट निवांत मावतात. फुगलेल्या चोथ्यानं बुडालेल्या भागाचा एक तृतीयांश व्यापला की थांबा, पुढचे हॉप्स दुसऱ्या पिशवीत टाका. गच्च भरलेल्या पिशवीच्या पोटात वर्ट फिरत नाही आणि मधला गोळा जवळपास न वापरलेलाच राहतो. उकळीच्या वेळात दर दहा मिनिटांनी कडं उचलून दोन-तीनदा खालीवर करा. त्या वेळी आतली आणि बाहेरची पातळी बघा: कडं वर धरल्यावर आतला वर्ट बाहेरच्या पातळीला यायला काही सेकंदांच्या वर लागत असेल, तर भोकं बुजत आहेत हे उकळी चालू असतानाच कळतं आणि चमच्यानं आतून कापड खरवडून मोकळं करता येतं.

पिशवीमुळे कडूपणा थोडा कमी उतरतो. कडूपणासाठी टाकायचे हॉप्स दहा टक्के वाढवायचे, असा घरगुती ब्रूअरांचा ढोबळ हिशेब आहे. पिशवी ऐसपैस असेल आणि हलवत असाल तर तेवढीही गरज पडत नाही. शेवटच्या मिनिटांत सुगंधासाठी टाकलेल्या हॉप्सना मात्र हलवण्याची खरी गरज असते.

शेवटी पिशवी उचलून काठावर आडवी दांडी टाकून टांगा आणि दहा मिनिटं ठिबकू द्या. झाकणानं हलकं दाबलं तर चालेल, पिळू नका. पिळल्यानं चोथ्यातली बारीक भुकटी पुन्हा वर्टमध्ये येते. हॉप्सनं किती वर्ट खाल्ला हे कळायला ठिबकलेली ओली पिशवी तोलून तीतून कोऱ्या पिशवीचं आणि सुक्या हॉप्सचं वजन वजा करा. जवळपास जितके ग्रॅम उरतील तितके मिलिलिटर. पुढच्या खेपेला सुरुवातीच्या पाण्यात तेवढी भर घाला.

दुसरी जोडणी: कनेक्शन पाइपची वेणी

नळाला किंवा गीझरला लावतात त्या स्टीलच्या वेणीच्या कनेक्शन पाइपातून ही जाळी निघते. अख्खी फुलं वापरणाऱ्यांसाठी ती उत्तम. पेलेट मोकळे टाकून तिच्यावर विसंबलात तर ५० ग्रॅमच्या पुढे त्रास होणारच. पिशवीच्या जोडीला, निसटलेली भुकटी आणि प्रथिनांच्या गुठळ्या अडवायला मात्र ती कामाची आहे.

६० सेंमीचा पाइप घ्या. वेणी खरंच स्टेनलेसची आहे ना, याची खात्री आधी करा, कारण काही पाइपांवर चंदेरी नायलॉन असतं, काहींवर अॅल्युमिनियम. कापलेले चार धागे ज्योतीवर धरले की नायलॉन वितळतं. अॅल्युमिनियमची परीक्षा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात होते: अॅल्युमिनियमवर बुडबुडे उठतात, स्टेनलेस गप्प राहतं. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडून करा. चुंबकावर भरवसा ठेवू नका, ताणून तार केलेलं स्टेनलेस चुंबकाला थोडं चिकटू शकतं.

दोन्ही टोकांच्या पितळी टोप्यांच्या अगदी लगत चिकटपट्टीचे दोन घट्ट वेढे द्या आणि त्या पट्टीवरूनच हॅकसॉनं कापा, म्हणजे धागे विस्कटत नाहीत. मग आतली रबरी नळी काढायची. इथे सगळे वेणी ओढतात आणि ती आणखी घट्ट आवळते. ओढू नका, दोन्ही टोकांकडून मध्याकडे दाबा. वेणी आखूड होऊन फुगते आणि आतली नळी सहज सरकून निघते.

नुसती वेणी गरम वर्टमध्ये ओढ पडली की चेपते. आत आधाराला स्प्रिंग हवी: २ मिमीची उघडी तांब्याची तार पेन्सिलीवर गुंडाळा आणि वेढ्यांत ८-१० मिमी अंतर पडेल इतकी ताणा. मोटर वाइंडिंगची तार नको, तिच्यावर लाखेचा थर असतो. स्टेनलेसची तार मिळाली तर चांगलंच, पण ती हातानं वळवायला जोर लागतो.

एक टोक ३ सेंमी चपटं करून दोनदा दुमडा आणि पकडीनं दाबा. दुसरं टोक तोटीच्या आतल्या नोझलवर चढवून क्लिपनं आवळा. टी-सांधा मिळाला तर दोन्ही टोकं त्यात घालून पूर्ण कडं करा, दोन्ही बाजूंनी वर्ट येतो. कोणत्याही रीतीनं केलं तरी वेणी केटलच्या भिंतीलगत गोल ठेवा, मधून आडवी नको. का, ते पुढे येतंच.

पहिल्या वापराआधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवा. कारखान्यातलं तेल वेणीच्या फटींत असतं, आणि तेल बिअरचा फेस मारतं.

गाळ मध्यात गोळा करणं

यात सुटे भाग जवळपास लागतच नाहीत आणि फायदा सगळ्यात जास्त होतो. आच बंद केल्यावर लांब चमच्यानं भिंतीलगत एकाच दिशेनं दीड-दोन मिनिटं जोरात ढवळा, चमचा काढा, १५ ते २० मिनिटं हात लावू नका. वर्ट फिरतो, थांबत जातो आणि गाळ तळाच्या मध्यात ढिगासारखा जमतो. वर्ट भिंतीलगतच्या, तळापासून ५-६ मिमी वर असलेल्या आखूड वाकड्या नळीतून ओढला तर ढीग शेवटपर्यंत जागेवर राहतो. वेणी मधून आडवी असेल तर ढीग नेमका तिच्यावरच बसतो.

यात बिघडतं ते असं. आच पूर्ण बंद नसेल, किंवा तापलेल्या जाड बर्नरवर केटल तशीच असेल, तर तळातून गरम प्रवाह उठत राहतात आणि ढीग जमत नाही. केटलमध्ये बुडवायची कूलिंग कॉइल असेल तर ती फिरणारा वर्ट अडवते. तेव्हा आधी गार करा, कॉइल काढा आणि मग निर्जंतुक चमच्यानं ढवळा. केटल तोटीकडे कलती ठेवायची असेल तर पाचर वर्ट काढण्याआधी, शक्यतो ढवळण्याआधीच लावा. मध्येच कललं की ढीग सरकून थेट तोटीवर येतो. आणि गरम वर्ट ८० अंशांच्या वर असेपर्यंत हॉप्समधून कडूपणा उतरत राहतो, त्यामुळे शेवटी टाकलेल्या हॉप्सचा हिशेब त्या २० मिनिटांसकट करा. गरम असताना झाकण गच्च लावू नका, फिकट माल्टच्या वर्टमधून शिजलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जायला वाट राहू द्या.

आयरिश मॉस (वर्ट निवळवायला वापरतात ते समुद्री शेवाळ) उकळीच्या शेवटच्या १०-१५ मिनिटांत टाकतात, त्यानं गुठळ्या मोठ्या होतात आणि लवकर बसतात. जास्त टाकलं तर गाळ भुसभुशीत फुगतो, तळाशी दोन लिटर जागा अडवतो आणि उलट तोटाच होतो.

बारक्या युक्त्या

पेलेटसोबत २०-३० ग्रॅम अख्खी फुलं टाकली तर ती वेणीवर किंवा छिद्रांच्या तळजाळीवर बसून पेलेटची भुकटी अडवतात. युक्ती चांगली आहे, पण फुलं आधी टाकायची, तीही मोकळी. पिशवीत टाकली तर काही उपयोग नाही.

आतल्या नळीच्या तोंडाशी स्टेनलेसची भांडी घासायची घासणी गुंडाळून तारेनं बांधतात. फुलांसाठी काम भागतं, पेलेटसाठी यथातथाच. लोखंडी किंवा साबण भरलेली घासणी चुकूनही नको. घासणीचे तुकडे सुटतात, म्हणून दर दोन-तीन खेपांना बदला.

पंप असेल तर जाळी तुंबण्याचा आवाज आधी पंपातून येतो. चुंबकी पंप स्वतः हवा ओढून सुरू होत नाही, तो आधी भरावा लागतो. ओढणाऱ्या बाजूला जाळी बुजली आणि वर्ट उकळीच्या जवळ असला की पंपात वाफ तयार होते, खडखड होते आणि प्रवाह तुटतो. वर्ट ९० अंशांच्या खाली येऊ द्या. प्रवाह कमी करायचा तर पंपाच्या बाहेरच्या बाजूची तोटी आवळा, ओढणारी बाजू नेहमी पूर्ण उघडी. पातळ सिलिकॉन नळी गरम झाल्यावर ओढीनं चपटी होते. ते जाळी तुंबल्यासारखंच भासतं, म्हणून जाळी सोडवण्याआधी नळीकडे एकदा बघा. प्लेट चिलर असेल तर पिशवी वापरा, त्याच्या अरुंद फटींत अडकलेला हॉप्स बाहेर काढणं हे निराळंच काम होऊन बसतं.

राळ

पिशवी पहिल्या दोन खेपांना झकास चालली आणि तिसऱ्यांदा तुंबली, तर कापड बदलू नका, उजेडासमोर धरा. पिवळट हिरवा, बोटाला किंचित चिकटणारा थर दिसेल. ती हॉप्सची राळ. गार पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं ती नीट निघत नाही, पण अल्कलीत विरघळते.

वापर झाल्या झाल्या पिशवी उलटी करून चोथा धुऊन टाका. चोथा वाळला तर काम दुप्पट. मग ४ लिटर कडकडीत गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट किंवा धुण्याचा सोडा घालून पिशवी आणि वेणी अर्धा तास बुडवा, चोळा, स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. हे अॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, ही द्रावणं अॅल्युमिनियम खातात. वेणी धुताना ती दाबून फुगवा, म्हणजे धाग्यांमधल्या फटी उघडतात, आणि उलट बाजूनं पाण्याची धार मारा. आतली तांब्याची स्प्रिंग बाहेर काढून वेगळी धुवा. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यामागेही वर्ट साचतो, म्हणून तोटी अर्धी उघडी ठेवून त्यातून गरम द्रावण जाऊ द्या आणि दर काही खेपांनी ती सोडवून साफ करा.

कापड धुतल्यावर पाणी भरून पाहा: उचलल्यावर पिशवी तीन-चार सेकंदांत रिकामी झाली पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागला तर सोड्याच्या पाण्यात परत टाका, तरी फरक पडला नाही तर नवीन शिवा.